अर्धेलीची म्हैस

विणकरीण परत आल्याची बातमी गवंड्याच्या घरात त्याच्या म्हाताऱ्या आईने आणली.

"आली ती," उंबऱ्याशी वहाणा काढत म्हातारी म्हणाली. "पुलावर बसलीय बोचकं घेऊन. सासरा आहे बरोबर."

गवंड्याची बायको गोठ्यात शेण भरत होती. पाटी हातात धरून ती तशीच वाकून राहिली. म्हशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं. म्हशीला काय त्याचं! पण बायकोला होतं. कारण म्हैस विणकरणीची होती. गावात हे ज्याला त्याला माहीत होतं आणि आजवर कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

गावाच्या मधून ओढा जातो. त्याच्यावर एक दगडी पूल आहे. दोन्ही काठांची माणसं समोरच्यांना 'पलीकडचे' म्हणतात. पूर्वीही म्हणत, पण तेव्हा तो नुसता पत्ता होता. तीन वर्षांपूर्वी गाव पेटलं आणि त्या पत्त्याची शिवी झाली. या काठाची माणसं मेली, त्या काठाची घरं जळाली आणि माणसंही मेली. म्हातारीचा धाकटा मुलगा पुलावर पडला. विणकरणीचा नवराही पुलावरच पडला, त्याच पहाटे. आधी कोण पडलं आणि कोणी पाडलं, याच्या दोन गोष्टी दोन काठांवर तयार होत्या. दोन्ही काठांच्या पोरासोरांना त्या पाठ होत्या.

त्या पहाटे गवंडी घरी आला तो म्हशीला घेऊन. "रस्त्यात मोकळी फिरत होती," म्हणाला. म्हशीच्या गळ्यात नायलॉनच्या दाव्याचा तुकडा लोंबत होता. त्याचं टोक तुटलेलं नव्हतं, कुरतडलेलं नव्हतं. विळ्याने कापतात तसं सरळ कापलेलं होतं. बायकोने तो तुकडा काढून चुलीत टाकला. त्याचा घाण वास घरभर पसरला, म्हातारी खोकत बाहेर आली, पण काय जळतंय असं तिने विचारलं नाही. कुणीच कुणाला काही विचारलं नाही. तेव्हापासून त्या घराला न विचारण्याची सवयच लागली.

पुढे वर्ष-दीड वर्ष गवंड्याला काम नव्हतं. जळल्या गावात नवी भिंत कोण घालणार? त्या काळात हे घर म्हशीच्या दुधावर उभं राहिलं. बायकोने तिचं नाव बया ठेवलं. बया इथे व्याली, वगार झाली, वगार आता आईच्या खांद्याला लागत होती. बया पुन्हा गाभण होती आणि आटली होती. तिचं पोट दोन्ही अंगांनी फुगलं होतं. बायको रोज संध्याकाळी भुसा-पेंडीचं आंबोण कालवायची आणि बादलीवर पळी वाजवायची. तो आवाज ऐकला की बया ओढ्याच्या डोहातून उठून, अंगावरचं पाणी निथळत, थेट दारात यायची. कुणी हाकायला लागत नव्हतं.

"आता ती म्हैस मागणार," म्हातारी म्हणाली.

"मागू दे."

"मागू दे म्हणजे? देणार तू?"

बायकोने पाटी डोक्यावर घेतली आणि उकिरड्याकडे गेली.

*

सलोखा समिती म्हणून एक समिती झाली होती. तिचे मुख्य म्हणजे रिटायर झालेले मास्तर. मास्तर भला माणूस. दोन्ही काठांवर त्यांनी मुलं शिकवली होती आणि दोन्हीकडच्या मुलांनी पुढे काय केलं ते पाहून त्यांचे केस एकदम पांढरे झाले होते. त्यांनी नियम केला होता: ज्याची वस्तू त्याला परत द्यायची, ती आपल्याकडे कशी आली हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

नियम लोकांना मानवला. सकाळी उठावं तर ओढ्याकाठी कुणीतरी काहीबाही ठेवून गेलेलं असायचं. कधी तांब्याचा हंडा, कधी खिडकीची चौकट, कधी बाजेचे नुसतेच चार पाय. विणकरणीचा माग असाच तुकड्यातुकड्यांनी परत आला. धोटा तेवढा आला नाही, तो तिने नवा करून घेतला. पण म्हैस काही ओढ्याकाठी ठेवून पळता येत नाही. म्हैस ज्याच्या दारात बांधलेली असते त्याचं दार सगळं गाव बघतं.

त्यातच सरकारने पलीकडची घरं बांधून द्यायची ठरवली आणि गावात गवंडी एकच. मास्तर स्वतः बोलवायला आले. गवंडी नाही म्हणू शकला नाही. रोज सकाळी करणी, ओळंबा आणि सूत पिशवीत घालून तो पूल ओलांडायचा. पुलावरून जाताना मान खाली घालायचा. पलीकडची माणसं त्याला पाणी द्यायची, पण तांब्या हातात न देता विटांवर ठेवायची.

एके दिवशी तो संध्याकाळी आला आणि जेवायला बसला तर घास पुढे जाईना. चुन्याने बोटं फाटली होती, त्यांकडे बघत बसला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"विणकरणीचा गोठा बांधायला घेतलाय आज."

"मग?"

"जुन्या भिंतीचा एक कोपरा जळायचा राहिलाय. त्यात खुंटी आहे अजून." त्याने पाण्याचा घोट घेतला. "दाव्यासकट."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिने पाय आत ओढून घेतले. रात्री तिघंही कुशी बदलत राहिली. एकमेकांचा श्वास ऐकत जागं राहणं किती कठीण असतं, ते ज्याच्या घरात झालं आहे त्यालाच कळेल.

*

म्हैस द्यायची ठरली. मास्तरांनी दिवस ठरवला, वेळ ठरवली, भाषणही ठरवलं. वगारीचं काय आणि पोटातल्या पारडाचं काय, हे मात्र नियमात नव्हतं. "ते मागाहून पाहू," मास्तर म्हणाले. मागाहून पाहू म्हटलेल्या गोष्टीच पुढे डोकी फोडतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण चार भांडी सुखरूप पोचली की माणूस जरा हुरळतो.

पुलावर विणकरीण उभी होती. काटक बाई, पन्नाशीच्या आसपास, केसांत सुताचा भुगा. तिने म्हशीचा ओठ वर करून दात पाहिले, कासेला हात लावला, पोटावर तळवा ठेवून वाट पाहिली. सगळं बाजारात बघावं तसं, सावकाश. गवंड्याची बायको दावं धरून शेजारीच उभी होती आणि मनातल्या मनात चडफडत होती. काय बघतेस? आम्ही काय उपाशी मारली तिला?

"चांगली राखलीस," विणकरीण म्हणाली. मग म्हशीच्या कानाजवळ जाऊन हाक मारली, "रेशीम."

म्हशीचे दोन्ही कान हलले. तिने नाक पुढे करून विणकरणीच्या हाताचा वास घेतला. गवंड्याच्या बायकोला वाटलं, कुणी आपल्या थोबाडीत मारली. तीन वर्षं बया बया करून घसा कोरडा केला आणि ही बघा, नाव ऐकताच कान हलवते! तिने दावं सोडलं आणि मागे वळून न बघता घरी आली. गोठ्यात वगार आईसाठी रेकत होती. तिच्या गळ्यात हात टाकून ती रडली आणि रडताना तिला स्वतःचाच राग आला.

त्याच संध्याकाळी दारात खुरांचा आवाज झाला. बया डोहातून उठून, चिखलाने बरबटलेली, आपल्या गव्हाणीपाशी येऊन उभी.

पहिल्या दिवशी लोक हसले. पलीकडून एक पोरगी आली आणि म्हशीला ओढत घेऊन गेली. "हिला अजून समेट कळलेला नाही," असं मास्तरही म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश झाले. दुसऱ्या दिवशी हसणारे कमी होते. पोरीबरोबर ट्रॅक्टरवाला आला. पलीकडच्या काठावर तोंडाने पुढे असलेला हाच माणूस. म्हशीला नेताना त्याने गवंड्याच्या अंगणात थुंकलं. अलीकडच्या काठावर पिठाची गिरणी चालवणारा शेजारी ओट्यावरून ते बघत होता. तो उतरला नाही, पण दोघांच्या नजरा बराच वेळ एकमेकांत अडकून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बया आली नाही.

गवंड्याच्या बायकोला हायसं वाटायला हवं होतं. तिने चूल पेटवली, विझवली. अंगण झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. दारात गेली, आत आली. वगार सारखी रेकत होती. "बस की एका जागी," म्हातारी ओरडली, "भोवळ येते मला तुझ्याकडे बघून." शेवटी तिने वगारीसाठी आंबोण कालवलं. वगारीसाठीच, असं स्वतःला बजावलं. आणि हातातली पळी बादलीवर वाजवली. एकदा. मग आणखी जोरात.

आवाज ओढ्यापार गेला. आपण काय करतोय ते तिला पुरतं माहीत होतं.

पुलावरून बया धावत आली. जडावलेली, पोट हेलकावत, गळ्यात तुटलेलं नवं दावं. ती गव्हाणीशी पोचते न पोचते तोच मागून माणसं आली.

*

अंगण भरून गेलं. पलीकडच्यांच्या हातात काठ्या होत्या. अलीकडच्यांनी त्या बघितल्या आणि घरात जाऊन आपापल्या आणल्या. तीन वर्षं कोपऱ्यात ठेवलेल्या काठ्या इतक्या पटकन सापडल्या, याचंच गवंड्याच्या बायकोला भय वाटलं.

"बादली वाजवून जनावर बोलावता?" ट्रॅक्टरवाला ओरडला. "आम्ही काय बहिरे आहोत? आता म्हैसही नेणार आणि वगारही नेणार!"

"जनावर आपल्या पायांनी आलं," गिरणीवाला पुढे झाला. "पाय काय आम्ही लावले तिला?"

"चोराच्या दारात ते जाणारच, सवय लावलीय!"

"चोर कुणाला म्हणतो रे? आधी या म्हातारीचा पोरगा आणून दे, मग म्हैस ने!"

"आणि विणकर? तो कोण आणून देणार, तुझा बाप?"

मास्तर धापा टाकत आले, एक चप्पल पुलावरच राहिलेली. "शांत व्हा, शांत व्हा," म्हणत हात वर करून मध्ये उभे राहिले. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गवंडी गोठ्याच्या दारात, म्हशीच्या पुढे उभा होता.

गर्दी बाजूला झाली आणि विणकरीण आत आली. मागावरून तशीच उठून आलेली. तिने बादली पाहिली, तुटलेलं दावं पाहिलं, गवंड्याच्या बायकोचे आंबोणाने माखलेले हात पाहिले.

"बादली तू वाजवलीस?"

"हो," गवंड्याची बायको म्हणाली. खोटं बोलावंसं तिला वाटलं, पण जमलं नाही.

एकच गलका झाला. कुणीतरी कुणाला तरी ढकललं, बादली कलंडली, आंबोण अंगणभर पसरलं. बया बिचकून मागे सरली आणि तिच्या पोटाचा धक्का भिंतीला बसला. तेव्हा गवंड्याने तोंड उघडलं.

"अक्का, ही म्हैस मी—"

"तू गप्प बस!" विणकरीण इतक्या जोरात ओरडली की सगळे थांबले. तिने पदराने तोंड पुसलं. मग आवाज खाली आणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हैस मी यांना अर्धेलीने दिली होती."

ट्रॅक्टरवाल्याची काठी खाली आली.

अर्धेली त्या गावात सगळ्यांना ठाऊक. जनावर एकाचं, गोठा आणि वैरण दुसऱ्याची. पहिलं वासरू राखणाऱ्याचं, दुसरं मालकाचं, दूध निम्मं निम्मं. ज्याच्याकडे चारा नाही तो देतो, ज्याच्याकडे जनावर नाही तो घेतो. लिहून काही ठेवत नाहीत. तिसऱ्या माणसासमोर दावं हातात द्यायचं, झालं काम.

"कधी दिलीस?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं. तो तिच्याच बाजूचा होता, पण आता तिच्याकडेच डोळे वटारून बघत होता.

"गाव पेटलं त्याच्या आदल्या दिवशी. वैरण संपली होती माझी."

"आणि आजवर बोलली नाहीस? म्हैस घरी नेलीस तेव्हाही नाही?"

"वगार यांची, ती यांच्याकडेच ठेवली ना? म्हशीला डोळे भरून बघायची होती, म्हणून नेली. तुला विचारून न्यायची होती काय?"

"साक्षीला कोण होतं?"

खोटं सांगायचं धाडस विणकरणीने केलं होतं, पण खोट्यालाही एक साक्षीदार लागतो आणि तो तिच्याजवळ नव्हता. तिने इकडे तिकडे पाहिलं. अंगणातली माणसं खाली बघू लागली. गिरणीवाल्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

ओट्यावर म्हातारी बसली होती. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. उठायला तिला फार वेळ लागला.

"मी होते," ती म्हणाली. "दावं हिने माझ्या हातात दिलं."

"म्हातारे!" गिरणीवाला जवळजवळ किंचाळला. "यांनी तुझा पोरगा—"

"माझ्या पोराचं मला सांगू नकोस तू. त्याला पुलावरून आणायला मी एकटी गेले होते. ओढत आणला मी त्याला. तुझ्या दारावरून आणला. तू आत कडी लावून बसला होतास."

गिरणीवाल्याने तोंड फिरवलं. म्हातारी विणकरणीकडे वळली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी समोरासमोर उभ्या होत्या. एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा, आणि पूल तोच.

"पहिली वगार आमची," म्हातारी म्हणाली. "पोटात आहे ते तुझं. असंच ठरलं होतं ना, पोरी?"

"असंच, मावशी."

"मग व्याली की ने तुझं पारडू. तोवर म्हैस इथे राहील. चला, निघा सगळे. सगळं आंबोण तुडवलंत."

लोक निघाले. सगळ्यांना कळलं होतं की हे खोटं आहे, आणि हे खोटं मोडायला पुढे व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. ट्रॅक्टरवाला "बायकांचा कारभार" असं काहीतरी पुटपुटला. मास्तर एका पायाने लंगडत चप्पल शोधायला गेले.

भांडी आवरताना सुनेने म्हातारीला विचारलं, "आत्याबाई, असं का म्हणालात?"

"मग काय म्हणायला हवं होतं?" म्हातारी म्हणाली. "पुन्हा पुलावर जायचं त्राण नाही माझ्यात."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी विणकरीण आली. म्हैस बघायला आले म्हणाली. गोठ्यात उकिडवी बसली आणि हातानेच म्हशीच्या अंगावरचा वाळलेला चिखल खरवडू लागली. गवंड्याच्या बायकोने तिला ओलं फडकं दिलं. पलीकडे मागच्या पायांशी ती स्वतः बसली. मध्ये म्हैस असल्यामुळे दोघींना बोलायला जरा बरं पडत होतं.

"काल तुम्ही आमची लाज राखलीत, अक्का."

"तुमची नाही राखली. मला तिथे राहायचंय म्हणून बोलले. पुन्हा बोचकं बांधायचं बळ नाही." थोडा वेळ ती खरवडत राहिली. "त्या पहाटे ही रेकली म्हणून आम्ही उठलो. नाहीतर झोपेतच गेलो असतो. सासऱ्याला पाठीवर घेऊन मी मागच्या दाराने निघाले. घरधनी पुढच्या दाराने गेले, लोकांना थांबवायला. लोकांना कसले थांबवताहेत!"

गवंड्याच्या बायकोचा हात थांबला होता.

"बेघरांच्या छावणीत मी रोज एकच विचार करायची. ही का रेकली? आग बघून रेकली, की कुणी दाव्याला ओढ दिली म्हणून? परत आले, खुंटीला कापलेलं दावं बघितलं. तेव्हापासून तर डोकं ठिकाणावर नाही माझं. दावं आधी कापलं की नंतर?"

"आधी काय आणि नंतर काय, अक्का?"

"आगीनंतर कापलं असेल, तर मुकं जनावर जळताना बघवलं नाही म्हणून कापलं. आधी कापलं असेल, तर..." तिने फडकं पिळलं. "तर काय येणार ते त्याला ठाऊक होतं. आणि आत आम्ही होतो."

वगार येऊन विणकरणीचा पदर चाटू लागली. तिने तिला ढकललं नाही.

"तुम्हीच विचारा त्यांना," गवंड्याची बायको हळू आवाजात म्हणाली.

"मी कसं विचारणार? मी तर म्हैस स्वतःच्या हाताने दिली होती ना! साक्षीला तुझी सासू." ती हसली, पण ते हसू ऐकवेना. "शिवाय मास्तरांचा नियम. तुला नियम नाही, तू बायको आहेस. दुपारी डबा घेऊन ये त्याचा. गोठ्याच्या भिंतीला लागूनच माझा माग आहे. मागावर बसले की मला बाहेरचं काही ऐकू येत नाही."

हे शेवटचं वाक्य ती म्हशीकडे बघत बोलली. मग उठली, हात धुतले आणि पुलाकडे चालू लागली.

*

गाव पेटल्यापासून गवंड्याच्या बायकोने पूल ओलांडला नव्हता. पुलाच्या मधोमध तिला वाटलं, डबा इथेच कठड्यावर ठेवावा आणि परत फिरावं. दिराला इथेच पडलेलं म्हातारीने शोधलं होतं. ती भराभर चालत सुटली. पलीकडच्या आळीत दारांतून बायका बघत होत्या. एकीने आपलं मूल आत ओढलं.

गोठा छातीइतका झाला होता. ओल्या विटांचा आणि चुन्याचा वास येत होता. भिंतीपलीकडून मागाचा आवाज येत होता, खट्-खट्, खट्-खट्, न थांबता. गवंडी सूत ताणून वीट बसवत होता. बायकोला बघून तो चपापला. रोज तो डबा सकाळीच बरोबर आणायचा.

"तू इथे?"

ती कोपऱ्याकडे गेली. जुन्या भिंतीचा कमरेएवढा तुकडा काळवंडून उभा होता. त्यात लाकडी खुंटी, खुंटीला गाठ, गाठीतून लोंबणारं विटक्या रंगाचं दावं. तीन पावसाळे खाऊनही नायलॉन तसंच होतं. तिने टोक हातात घेतलं. याचं दुसरं टोक तिने स्वतः चुलीत घातलं होतं.

"आधी कापलंत की नंतर?"

"काय?"

"आग लागायच्या आधी कापलंत की नंतर?"

गवंड्याच्या हातात वीट होती. तो उत्तर द्यायला वळला आणि तेवढ्यात माग थांबला.

गवंड्यानेही ते ऐकलं. त्याने भिंतीकडे पाहिलं. एका विटेची ओली भिंत, त्यानेच घातलेली, आणि तिच्या मागे ती बाई श्वास रोखून बसलेली. बायकोला त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं. 'नंतर' म्हणायचं. एक शब्द, आणि तो देवमाणूस ठरला असता. मुक्या जनावरासाठी आगीत शिरलेला. बायकोला मनापासून वाटलं, म्हणा हो, 'नंतर' म्हणा, आपल्या घरासाठी म्हणा.

त्याने वीट खाली ठेवली.

"आधी," तो म्हणाला. आवाज मोठा होता. भिंतीपलीकडे जावा इतका. "चोरायलाच आलो होतो. माणसं काड्या घेऊन निघालीत हे ठाऊक होतं मला. जळून जाण्यापेक्षा म्हैस आपल्याला झाली तर काय बिघडलं, असं वाटलं."

"आत माणसं होती, ठाऊक होतं?"

"होतं. खोकला ऐकला म्हाताऱ्याचा." त्याने चुन्याचे हात तोंडावरून फिरवले. तोंड पांढरं झालं. "हाक मारावी असं ओठावर आलं होतं. मारली नाही. भ्यालो. म्हैस रेकली ती मी ओढली म्हणून. त्यांना उठवायचं माझ्या मनातही नव्हतं."

बायको दाव्याचं टोक हातात धरून उभी राहिली. हे आपल्याला तीन वर्षं माहीत होतं, हे तिला आत्ता कळत होतं. ती विटांच्या ढिगावर बसली.

भिंतीपलीकडे काहीच हालचाल नव्हती. बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली. गवंडी हात लोंबते ठेवून उभा होता. आता ती बाहेर येईल, ओरडेल, आळी गोळा करील आणि करायलाच हवी, असं त्याच्या उभं राहण्यातच दिसत होतं. तो पळणार नव्हता.

"गवंडी," आतून हाक आली.

"हां, अक्का."

"कोपऱ्यातली ती खुंटी काढू नकोस."

"नाही काढत."

"गाठही सोडू नकोस. भिंत तिच्या बाजूने घे. रोज दिसली पाहिजे मला ती. आणि तू येशील-जाशील तेव्हा तुलाही."

त्याने मान हलवली, पण ती भिंतीतून कशी दिसणार? म्हणून बायकोनेच उत्तर दिलं, "हो, अक्का."

"पारडासाठी दुसरी ठोक. जरा खाली ठोक, लहान असेल ते."

मग माग सुरू झाला. पहिले काही ठोके चुकले, धागा तुटला असावा, तो जोडायला ती थांबली. नंतर खट्-खट् पूर्वीसारखं सुरू राहिलं.

गवंड्याने करणी उचलली, पण चुना सांडत राहिला. बायकोने डबा बाजूला ठेवला, पदर खोचला आणि ढिगातली एक वीट त्याच्या हातात दिली. खुंटीच्या डावीकडून त्याने नवा थर सुरू केला.